कुत्रं इचार करून राह्यलं!

दसऱ्याच्या सुमारास आमच्या देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा भरते. मंडपाच्या लाटा उभ्या राहिल्या, की घरोघरी पाहुण्यांची पंगत सुरू. आम्हा पोरांचे दर्शन मात्र धावतपळत उरकायचे, कारण सारे लक्ष टुरिंग टॉकीजच्या तंबूकडे. ही गोष्ट १९७० च्या आसपासची. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो.

त्या वर्षी आमच्याबरोबर थोरली काकूही आली. विषमज्वराने तिचे कान गेले होते ते लग्नानंतर दोनच वर्षांनी. बोलणे शाबूत, पण स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने ती फार मोठ्याने बोले. घरात रेडिओ लागला, मंदिरात कीर्तन रंगले, चार माणसे हसली, की ती शेजारच्याचा दंड हलवून विचारी, “काय म्हनला?” आणि आम्ही हाताने खूण करायचो – काही नाही. सगळे जग तिच्यापर्यंत असे ‘काही नाही’ होऊन पोचत होते. मी तर तिच्याजवळ बसायचेच टाळत असे. त्या रात्री तंबूत नेमका तिच्या शेजारी अडकलो.

मुख्य चित्रपटाआधी एक काळे-पांढरे कार्टून लागले. त्यात एक उपद्व्यापी कुत्रा. माशा पकडायचा चिकट कागद त्याच्या नाकाला चिकटतो. पंजाने काढावा तर पंजाला, एक पाय सोडवावा तर दुसऱ्याला. कुत्रा थांबतो, भुवया आकसतो, कागदाकडे बघतो, मग आमच्याकडे बघतो. तेवढ्यात तंबूभर काकूचा आवाज घुमला, “अवं, कुत्रं इचार करून राह्यलं पा!”

आधी लोक तिला हसले. मग पडद्याकडे बघून हसले. मी शरमेने मान खाली घातली होती.

त्या चित्रपटाचे नाव मला फार पुढे कळले. ‘प्लेफुल प्लूटो’, वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने ३ मार्च १९३४ रोजी प्रदर्शित केलेला लघुपट. दिग्दर्शक बर्ट जिलेट. चिकट कागदाचा तो प्रसंग चितारला नॉर्म फर्ग्युसन या चित्रकाराने, आणि चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेतलेला हा माणूस. कार्टून चित्रपटांच्या इतिहासात या प्रसंगाला मानाचे पान आहे. त्याआधी कार्टूनमधली जनावरे पडत, आपटत, पळत. हसू यायचे ते धडपडीचे. इथे मात्र कुत्र्याच्या डोक्यात काय चालले आहे ते दिसते. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. त्या हिशेबाने असा मिनिटभराचा प्रसंग म्हणजे चौदाशे चाळीस चौकटी, आणि त्यातल्या कित्येक चौकटी कुत्र्याने नुसते थांबण्यात खर्ची घातलेल्या. जाणकारांनी पुस्तकांतून जे सांगितले, तेच आमची काकू तंबूत चार शब्दांत सांगून मोकळी झाली होती.

आपणही मागे नव्हतो बरे. त्याच १९३४ साली आपल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा कोल्ह्यावरचा व्यंगचित्रपट काढला होता. कुत्र्याचा भाऊबंदच म्हणायचा!

प्लूटोचा हाच चिकट कागद पुढे दुसऱ्या एका चित्रपटात आला. प्रेस्टन स्टर्जेस यांचा १९४१ चा ‘सलिव्हान्स ट्रॅव्हल्स’. विनोदी चित्रपट काढणाऱ्या एका दिग्दर्शकाला गरिबांच्या दुःखावर गंभीर चित्रपट काढायचा असतो. नशिबाच्या फेऱ्यात तो स्वतःच सक्तमजुरीच्या कैद्यांत जाऊन पडतो. एके रात्री बेड्या घातलेल्या कैद्यांना गोरगरीब कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नेतात, भिंतीवर पडदा टांगतात आणि प्लूटो सुरू होतो. सारे खदखदून हसतात. तोही हसतो, आणि आपण हसलो याचेच त्याला नवल वाटते. हा प्रसंग मी पाहिला तेव्हा मला त्या चर्चमध्ये कंदिलाचा वास आला, आणि लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसणारी काकू दिसली.

त्या रात्री पुढचा चित्रपट सुरू झाल्यावर मी तिने दंड हलवायची वाट पाहत होतो. ती हललीच नाही. ती अजून कुत्र्यातच होती.

सकाळी ती चुलीपुढे भाकरीचे पीठ मळत होती. घरी राहिलेल्या धाकट्या आत्याला काल काय पाहिले ते सांगायला बसली. पिठाने माखलेला हात वर धरून, बोटाला बोट लावून, ओढून, झटकून, मग थांबून आत्याकडे तसेच भुवया आकसून बघत. पाहुण्यांची पोरे भोवती जमली. आजीही ओट्यावर टेकली. काकू क्षणभर थांबली, तर आत्या तिचा दंड हलवून विचारू लागली, “मंग? मंग काय झालं?”