इंजिनाचा रुसवा आणि निदानाची किंमत

माणूस आजारी पडला म्हणजे वैद्य आधी त्याला प्रश्न विचारतो, नाडी पाहतो आणि मग औषध देतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण हा क्रम उलटा करतो. गाडी बंद पडली की पहिला प्रश्न येतो, "कोणता पार्ट बदलायचा?" तो बदलूनही गाडी पुन्हा बंद पडली की दुसरा बदलतो, मग तिसरा. खिसा रिकामा होतो, गाडी तशीच राहते आणि मिस्त्री लबाड होता असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. या मनस्तापाचे मूळ कोठे आहे, ते येथे पाहू.

पेट्रोल इंजिनाच्या मागण्या तशा थोड्या. हवा आणि इंधन यांचे योग्य मिश्रण, ते नीट दाबले जाणे, नेमक्या क्षणी ठिणगी आणि निर्माण झालेली जादा उष्णता बाहेर नेण्याची सोय, इतकेच त्याला हवे. पण किती वेळा हवे? चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला १०० स्फोट होतात. शिवाय जळालेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे पाव ते तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. उरलेली धुराड्यातून व रेडिएटरमधून बाहेर जावी लागते. तेव्हा इंजिन बंद पडते यापेक्षा ते इतके चालते, हेच नवल म्हटले पाहिजे.

आता हे इंजिन झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला आणून उभे करू. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो. परिसरात कोळसा आहे, चुनखडी आहे. २०२२ साली येथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला, तो या चुनखडीच्या जोरावरच. रस्त्यावरची धूळ हवेच्या फिल्टरवर बसते, हे डोळ्यांना दिसते. न दिसणारी गोष्ट पाण्याची आहे. चुनखडीच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा क्षारयुक्त, जड असते. असे पाणी तापले की भांड्याला पांढरा थर धरते, हे घरोघरी ठाऊक आहे. तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो आणि तोच थर त्याच्या बारीक नळ्यांत बसतो. थरातून उष्णता नीट बाहेर जात नाही, गाडी तापू लागते. मग आपण आणखी पाणी ओततो, म्हणजे आणखी थर! सिमेंटला उपयोगी पडणारा चुना इंजिनाला असा बाधतो. म्हणून कूलंटच घालावे, आणि त्यात मिसळायचे पाणी शुद्ध, ऊर्ध्वपातित असावे. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर गेलेले असते.

परंतु तापणारी गाडी निदान आपला आजार लपवीत नाही. खरा छळ करतो तो येऊन-जाऊन असणारा बिघाड. पेशंटला वणीच्या दवाखान्यात नेणारी गाडी भर दुपारी रस्त्यात बंद पडते. कितीही सेल्फ मारा, ती हूं की चूं करीत नाही. शेवटी टोचन करून तिला गॅरेजात आणावे, तो ती पहिल्या सेल्फला सुरू होते! मिस्त्री आपल्याकडे पाहतो, आपण गाडीकडे पाहतो.

यात जादू काही नाही. क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर लक्ष ठेवणारा एक सेन्सर असतो. अनेक गाड्यांत त्यात बारीक तारेचे वेटोळे असते. तारेला तडा असेल तर उष्णतेने तो फाकतो, संदेश तुटतो आणि इंजिन थांबते. गाडी गॅरेजपर्यंत येईतो सेन्सर थंड होतो, तार पुन्हा जुळते. म्हणजे रोग तपासणीच्या वेळीच बरा झालेला असतो. जुन्या फियाटचे चालक इंधनपंपावर ओले फडके टाकीत, त्यामागेही उष्णतेचेच कारण होते. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला ती ओढवत नसे. फडक्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. आज पंप बहुधा टाकीतच असतो, त्यामुळे ती पीडा जवळजवळ गेली. उष्णता मात्र तीच आहे, तिने फक्त जागा बदलली.

"पण आता स्कॅनर आहे ना?" असे कोणी विचारील. आहे, आणि तो उपयोगीही आहे. परंतु स्कॅनर तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. 'मिश्रणात इंधन कमी' असा संकेत आला, तर पंप अशक्त असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा एखाद्या फाटक्या नळीतून जादा हवा शिरत असेल. संकेत पाहून थेट महागडा सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखविला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

१८८८ साली बर्था बेंझ या बाई दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेल्या. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा त्यांनी टोपीच्या टाचणीने ती साफ केली. अडले कोठे हे कळले, म्हणून टाचणीवर भागले!

आमच्या मते खरी अडचण पैशांच्या रीतीत आहे. नव्या पार्टचे पैसे आपण घासाघीस करून का होईना, देतो. पण मिस्त्रीने दोन तास तारा तपासल्या आणि एक सैल जोड घट्ट केला, तर "केलेस काय?" म्हणून त्याच्यावर डोळे वटारतो. विचाराचा मोबदला मिळत नाही, म्हणून त्याला वस्तू विकावी लागते. ती वस्तू कामाची नसली तरी पैसे आपलेच जातात.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. गाडी बंद पडली की वहीत टिपावे: इंजिन गरम होते की थंड, चढावर की सपाटीवर, आचके देत थांबले की एकदम, आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाले. "कधी कधी बंद पडते" या वाक्यापेक्षा "अर्धा तास चालल्यावर एकदम बंद पडते आणि वीस मिनिटांनी सुरू होते" हे वाक्य मिस्त्रीचे निम्मे काम करते. दुसरी गोष्ट, त्याला आधीच सांगावे, "पार्ट बदलण्यापूर्वी कारण दाखव, तपासणीचे पैसे वेगळे देतो." मुकुटबनसारख्या गावात अडल्या वेळी तोच माणूस धावून येणार आहे. त्याच्या हाताइतकीच त्याच्या डोक्याचीही मजुरी आपण देऊ लागलो, तर इंजिनाचे रुसवे संपणार नाहीत, पण त्यांचे कारण कळू लागेल.