पाटीवर नाव हवे, नुसता आकडा नको

महूच्या कुठल्याही गल्लीतून चालत जा, दोन-चार फाटकांवर तरी हुद्दा लिहिलेली पाटी दिसतेच. कुणी निवृत्त सुभेदार, कुणी हवालदार, कुणी ऑनररी कॅप्टन. गावातल्या माजी सैनिकांचा एक सार्वजनिक फलक असावा, ही कल्पनाही अधूनमधून निघते. पण त्यावर लिहायचे काय, या प्रश्नापाशी चर्चा अडते. जुन्या दगडांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात तारखांपासून करू. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची. होळकर आणि इंग्रज यांच्यात मंदसौरचा तह झाला ६ जानेवारी १८१८ ला, आणि त्यातूनच पुढे महूची छावणी उभी राहिली. या दोन तारखांच्या मध्येच, १ जानेवारी १८१८ ला, तिकडे पुण्याजवळ भीमेच्या काठी कोरेगावची लढाई झाली. म्हणजे महूची छावणी आणि कोरेगावचा स्तंभ ही एकाच युद्धाची अपत्ये.

कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी बांधला, १८२१ मध्ये त्याचा पाया घातला. हेतू त्यांचाच होता. पण त्यांनी एक गोष्ट केली, ती म्हणजे मेलेल्या शिपायांची नावे कोरली. त्यातली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. त्या काळी महार पुरुषांच्या नावापुढे 'नाक' लावत, त्यामुळे ही माणसे कोण होती हे दगड पाहून आजही कळते.

या नावांचे महत्त्व सत्तरेक वर्षांनी समजले. १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती' नावाचे खूळ सरकारच्या डोक्यात बसले आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या पलटणीत गेल्या, त्यांनाच सांगितले गेले की तुम्ही लढवय्ये नाही. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी कोरेगावच्या स्तंभापाशी सभा घेतल्या, आणि १९१० मध्ये दख्खनच्या महार परिषदेतर्फे सैन्यात पुन्हा प्रवेश मिळावा असा अर्ज विलायतेला धाडला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली, ती १९२१ मध्ये मोडली. अखेर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. कोरलेली नावे अशी पुरावा म्हणून उभी राहतात.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे, ज्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान पडले. त्या युद्धानंतर सरकारने गावोगावी ज्या संगमरवरी पाट्या बसवल्या, त्यांचा साचा ठरलेला असे : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. आकडा आहे, नाव नाही. परदेशातही तसेच. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणी होत्या, कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या, उपासमारीत गेल्या. पण बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावे कोरलीच नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या दिली. गोऱ्या सैनिकांची नावे मात्र कोरली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्याच अहवालात हा भेदभाव कबूल केला. त्याला शंभर वर्षे लागली.

आता परत महूला येऊ. आपल्या गावातले सर्वात जास्त गर्दीचे स्मारक म्हणजे भीम जन्मभूमी. १४ एप्रिल १९९१ ला पायाभरणी, १४ एप्रिल २००८ ला लोकार्पण. ही जागा जिथे आहे त्या वस्तीचे नाव काळी पलटण, म्हणजे देशी शिपायांच्या लाइनी. बाबासाहेब इथे जन्मले कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ इथल्या सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते. रामजी रणांगणावर पडले नाहीत, पेन्शन घेऊन घरी परतले. युद्धस्मारकाच्या दगडावर त्यांच्यासारख्याला जागा नसते, कारण दगड फक्त मेलेल्यांना ओळखतो. मुलगा बाबासाहेब झाला म्हणून रामजींचे नाव टिकले. बाकीच्या रामजींचे काय?

गावाच्या फलकाचे काम नेमके हेच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २०१९ पासून पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे आहेत, आणि महूतच पायदळाचे संग्रहालय पायदळाचा इतिहास १७४७ पासून मांडते. ती मोठी कामे झाली. पण जो परत आला, ज्याने पंधरा-वीस वर्षे सीमेवर काढली आणि मग आपल्याच गल्लीत पिठाची गिरणी घातली, त्याची नोंद गावानेच ठेवायला हवी.

ती कशी ठेवायची? मी मूळचा इंजिनिअर, म्हणून आधी सामानाचे बोलतो. फ्लेक्स नको. माळव्याचे ऊन आणि एक-दोन पावसाळे झाले की त्यावरचा चेहरा पुसला जातो, आणि सैनिकाचा फाटका फोटो खांबाला लोंबकळण्यापेक्षा फलक नसलेला बरा. ग्रॅनाइटवर खोल कोरून रंग भरावा. रंग उडाला तरी अक्षर राहते, पुन्हा भरता येते. खाली रिकामी जागा सोडावी, कारण यादी कधीच पुरी होत नाही.

मजकुरात पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, पलटण, शेवटचा हुद्दा आणि सेवेची वर्षे एवढे पुरे. क्रम हुद्द्याने लावू नये, वर्णानुक्रमाने लावावा. माहिती ऐकीव नको, डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद पाहूनच घ्यावी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पडताळावी. हयात माणसाला विचारल्याशिवाय त्याचे नाव लावू नये. काहींना ते नको असते, आणि तो त्यांचा हक्क आहे. महायुद्धांत गेलेल्यांसाठी वर सांगितलेल्या आयोगाची यादी इंटरनेटवर शोधता येते, अनेक नोंदींत बापाचे नाव आणि गावही सापडते.

आकडा वाचून माणूस पुढे निघून जातो. नावापाशी मात्र कुणाचा तरी नातू थांबतो, बोट ठेवतो आणि म्हणतो, "हे आमचे आजोबा." फलक उभारायचा तो त्या बोटासाठी.