गेमचे पॉइंट : बचत की खर्चाचे आमंत्रण?

"आई, पॉइंट जमलेत, गेम जवळजवळ फुकट पडतोय!" घरात गेम खेळणारी मुले असतील, तर हे वाक्य आपण ऐकले असेल. पूर्वी दिल्लीतली मुले पालिका बाजारात किंवा नेहरू प्लेसला जाऊन गेमची सीडी आणत. नोटा मोजून द्याव्या लागत, त्यामुळे किती गेले ते कळे. आता खरेदी घरबसल्या, आपल्याच कार्डावरून होते. म्हणून हे पॉइंट नेमके काय आहेत, ते समजून घेऊ.

पॉइंट म्हणजे काय?
ग्राहक पुन्हा पुन्हा आपल्याकडेच यावा, म्हणून कंपनी खरेदीवर पॉइंट देते. पुढच्या खरेदीत ते वापरता येतात. निन्टेन्डो कंपनी अमेरिकेत डिजिटल गेमच्या किमतीवर ५ टक्के 'गोल्ड पॉइंट' देत असे. म्हणजे १०० खर्च केले की ५ परत, तेही रोख नव्हे, त्याच दुकानात वापरण्यासाठी.

पॉइंट म्हणजे ठेव नव्हे
बँकेतील आपल्या ठेवीवर व्याज मिळते आणि ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पॉइंटवर व्याज नाही आणि विमाही नाही. त्यांना मुदत असते आणि कंपनी योजना बंदही करू शकते. निन्टेन्डोने २५ मार्च २०२५ पासून नवे गोल्ड पॉइंट देणे थांबवले. सोनीने २०२२ मध्ये सुरू केलेली 'प्लेस्टेशन स्टार्स' योजना गुंडाळायला घेतली : २३ जुलै २०२५ नंतर नवे पॉइंट मिळणे बंद आणि जमलेले पॉइंट वापरण्याची शेवटची तारीख २ नोव्हेंबर २०२६. म्हणून पॉइंट साठवून ठेवण्यात फायदा नाही. जी वस्तू घ्यायचीच आहे, तिच्यासाठी ते वेळेत वापरावेत.

आधी हिशेब करा
समजा, २०० रुपयांचे पॉइंट या महिन्यात संपणार आहेत. ते वाया जाऊ नयेत म्हणून ३,००० रुपयांचा गेम घेतला. २०० रुपये वाचले असे वाटते, पण खिशातून २,८०० रुपये गेले. गेम घ्यायचा नसताना पॉइंट सोडून दिले असते, तर काहीच गेले नसते. हेच २,८०० रुपये आवर्ती ठेवीत ५०० रुपयांचे पाच हप्ते भरायला पुरले असते आणि वर ३०० उरले असते.

पॉइंट मिळवण्यासाठी मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरावी लागत असेल, तर वर्षाची वर्गणी आणि वर्षात मिळणारे पॉइंट यांची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहा.

फसव्या संदेशांपासून सावध
"आपले पॉइंट आज रात्री संपणार, खालील लिंकवर कार्डाचा तपशील भरा" असा संदेश आला, तर लिंक उघडू नका. पॉइंट वापरण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कोणालाही सांगावा लागत नाही. शिल्लक पाहायची असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन पाहा.

चुकून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. कळवल्यानंतरचे नुकसान बँक सोसते, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

लक्षात ठेवा
• गेमच्या खात्यात कार्ड जतन करू नका आणि खरेदीसाठी पासवर्ड लावा.
• महिन्याची गेमची रक्कम मुलांसोबत बसून ठरवा.
• पॉइंट वापरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : पॉइंट नसते, तरी ही वस्तू आपण घेतली असती का?

उत्तर 'हो' असेल, तर पॉइंट जरूर वापरा. 'नाही' असेल, तर ते संपू द्या. पॉइंट बुडाले तरी चालेल, बचत बुडता कामा नये.