पहिल्या पावसाचा तवंग जातो कुठे?

जूनमधली पहिली सर येऊन गेली की बेलापूरच्या रस्त्यांवर, गॅरेजसमोर, रिक्षा थांब्यापाशी साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. तासाभरात तो वाहून जातो आणि रस्ता स्वच्छ धुतल्यासारखा वाटतो. तवंग मात्र संपलेला नसतो. तो गटारातून खाडीकडे निघालेला असतो. त्याच पनवेल खाडीच्या काठी दिवाळे गाव आहे. नवी मुंबई वसण्याच्या कितीतरी आधीपासूनचा हा कोळीवाडा. चिंबोरी, निवट्या, कालवे हे इथे जेवणही आहे आणि पोटापाण्याचे साधनही.

धुळीत काय असते?

रस्त्यावरची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. सायन-पनवेल महामार्ग आणि पाम बीच मार्गावरच्या वाहनांच्या धुरातली काजळी, झिजलेल्या टायरचे कण, इंजिनातून ठिबकणारे ऑइल, डांबराचा भुगा आणि जाळलेल्या कचऱ्याची राख हे सारे तिच्यात मिसळते. खाडीत त्यात होड्यांच्या डिझेलची भर पडते. या सगळ्यांत हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची संयुगे असतात.

त्यांचा उगम प्रयोगशाळेत ओळखता येतो. न जळलेल्या तेलात दोन-तीन कड्यांचे लहान रेणू जास्त सापडतात. जळण्यातून निघालेल्या काजळीत चार किंवा अधिक कड्यांचे रेणू अधिक असतात. ‘होपेन’ नावाची संयुगे इंजिन ऑइलची खूण पटवतात. त्यामुळे गाळाचा नमुना पाहून तेल सांडले की धूर बसला, याचा अंदाज बांधता येतो.

मोठी गळती सर्वांना दिसते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले, खारफुटी माखली आणि लोकांनी मासळी घेणे टाळले. रस्त्यावरून थेंबाथेंबाने जाणाऱ्या तेलाची मात्र बातमी होत नाही.

गाळात मुक्काम

भरतीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून नवी मुंबईत धारण तलाव बांधले आहेत. पावसाचे पाणी त्यांत साठते आणि ओहोटीला खाडीत सोडले जाते. ही संयुगे पाण्यात फारशी विरघळत नाहीत, बारीक कणांना चिकटतात. पाणी संथ झाले की कणांसोबत तळाला बसतात. गाळात प्राणवायू नसल्याने तिथे त्यांचे विघटन फार सावकाश होते.

खारफुटीतला चिखल मुळातच काळा असतो, तो लोह आणि गंधकाच्या संयुगांमुळे. रंग पाहून घाबरू नये. पाण्यावरचा तवंग काडीने ढवळून पाहावा. तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर तो बहुधा जिवाणूंचा थर असतो. पुन्हा एकसंध झाला तर तेलाचा संशय घ्यावा.

शरीरावर परिणाम

काजळी आणि कर्करोगाचे नाते लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखवले होते. धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग होत असे. त्या काजळीतले बेन्झोपायरिन आणि डिझेलचा धूर, दोन्ही आज माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात आहेत. शरीर बेन्झोपायरिन बाहेर टाकण्यासाठी त्याचे रूप बदलते. त्या खटपटीत तयार होणारा एक पदार्थ पेशीतल्या डीएनएला चिकटतो. धोका एका दिवसाचा नसतो, वर्षानुवर्षांच्या संपर्काचा असतो. म्हणून रस्ते झाडणारे कामगार, गॅरेजमधले कारागीर आणि धुळीचे हात तोंडात घालणारी लहान मुले यांची काळजी आधी घ्यायला हवी.

मासळी सोडण्याचे मात्र कारण नाही. मासे ही संयुगे यकृतात बऱ्यापैकी मोडतात. कालवे, तिसऱ्या यांना ते तितकेसे जमत नाही, त्यामुळे त्यांच्या मांसात ती साठतात. शिजवल्याने जंतू मरतात, ही संयुगे जात नाहीत. नाल्याच्या तोंडाशी किंवा तवंग दिसतो तिथली कालवे काढू नयेत.

काय करता येईल?

वापरलेले ऑइल गटारात ओतू नये, ते पुनर्वापरासाठी जमा करावे. हात डिझेलने नव्हे, साबणाने धुवावेत. कचरा जाळू नये. रस्ता कोरडा न झाडता पाणी शिंपडून झाडावा, झाडणाऱ्याला चांगला मास्क मिळावा. मुलांनी बाहेरून आल्यावर हात धुवावेत.

पावसाळ्यापूर्वी गटारातून काढलेला गाळ अनेकदा काठावरच सुकत पडतो. सुकला की धूळ होऊन घरात येतो, सर आली की पुन्हा गटारात जातो. तो त्याच दिवशी उचलला, तर रस्त्यालगतच्या घरांचा आणि दिवाळ्याच्या खाडीचाही ताप कमी होईल.