महागडा साबण आणि जड पाणी

पुणे-सोलापूर महामार्गावर, माढा तालुक्यातील मोडनिंब हे पंचक्रोशीतील खेड्यांच्या बाजारहाटाचे गाव. कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील हे एक स्थानकही. दाढीचा परदेशी साबण एकेकाळी पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांतच मिळायचा. आज मोबाइलवर मागणी नोंदवली की तोच साबण कुरिअरने अशा गावातही येऊन पोहोचतो. लाकडी वाटी, चंदनाचा किंवा लव्हेंडरचा गंध, वेष्टनावर शे-दीडशे वर्षांची परंपरा आणि किंमत दीड-दोन हजार रुपये! वाण्याच्या दुकानात साठ-सत्तर रुपयांना क्रीमची नळी मिळत असताना एवढे पैसे मोजण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. दाढी हा वर्षानुवर्षे चालणारा खर्च असून त्याचा संबंध त्वचेच्या आरोग्याशीही येतो.

या प्रश्नाचे उत्तर साबणापेक्षा पाण्यापासून शोधणे अधिक सोयीचे ठरते. दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो चिवट असतो, मात्र दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. धोकटी घेऊन गावोगाव फिरणारे जुन्या काळचे कारागीर साबणाविनाच काम भागवीत. ओल्या हाताने गाल बराच वेळ चोळायचे आणि मग वस्तरा लावायचा, ही त्यांची पद्धत. केस मऊ करण्याचे मुख्य काम पाणी आणि वेळ यांचे आहे, हे त्यांना अनुभवाने उमगले होते.

मग साबण करतो काय? तो केसावरील तेलकटपणा दूर करून पाण्याला आत शिरू देतो, ते पाणी केसाभोवती धरून ठेवतो आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर निर्माण करतो. त्यासाठी फेस दाट आणि टिकाऊ हवा. अंगाच्या साबणाचा फेस भराभर होतो आणि तितक्याच लवकर विरतो. म्हणून दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त ठेवतात. त्याने फेसाला दाटपणा येतो, तर खोबरेल तेलातील आम्लांमुळे तो चटकन उठतो. अंगाचा साबण सोडियमच्या अल्कलीपासून बनतो. दाढीच्या साबणात पोटॅशियमची अल्कलीही वापरतात. त्यामुळे तो मऊ राहतो व पाण्यात सहज विरघळतो. ग्लिसरीन ओलावा टिकवते. नळीतील स्वस्त क्रीम आणि डबीतील महाग साबण यांच्या वेष्टनांवरील घटकांच्या याद्या शेजारी ठेवून वाचल्या, तर आरंभीची नावे बहुधा सारखीच आढळतात.

फरक पडतो तो पुढच्या नावांत. लॅनोलिन किंवा शिया बटर यांसारखे स्निग्ध पदार्थ, उंची अत्तर, देखणी वाटी, आयातीचा खर्च आणि नाममुद्रेची प्रतिष्ठा यांचे हे पैसे असतात. स्निग्ध पदार्थांमुळे कोरड्या त्वचेला थोडा आराम मिळतो, हे मान्य करावे लागेल. उंची साबण यंत्राच्या रुळांतून अनेकदा घोटलेला असतो. त्यात पाणी कमी राहते व वडी सावकाश झिजते, हाही त्याचा गुण. सुगंधाचे मात्र तसे नाही. त्याने मन प्रसन्न होत असले, तरी नाजूक त्वचेला खाज किंवा पुरळ येण्याचे तेच एक कारण ठरू शकते. अशा त्वचेसाठी बिनवासाचा साधा साबण अधिक श्रेयस्कर.

हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. साठ ग्रॅमची नळी साठ रुपयांना धरली आणि एका दाढीला एक ग्रॅम क्रीम लागते असे मानले, तर खर्च एक रुपया येतो. शंभर ग्रॅमची दीड हजाराची वडी त्याच हिशेबाने पंधरा रुपयांना पडते. रोज दाढी करणाऱ्याला वर्षाकाठी ३६५ रुपयांच्या जागी ५,४७५ रुपये मोजावे लागतील. घोटलेली वडी निम्मीच झिजते असे मानले, तरी फरक सात-आठ पटींचा राहतो. दाढीच्या क्रीमवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत स्वस्त आणि महाग दोन्ही नळ्यांना सारखीच असल्याने तिने हे गणित काही बदलत नाही.

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात या गणितात आणखी एक घटक शिरतो. येथील जमीन बसाल्ट खडकाची, आणि अनेक ठिकाणी भिस्त बोअरच्या पाण्यावर. खडकांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात आणि बोलीत जड पाणी, ते हेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. असे पाणी साबणाला मिळाले की क्षारांशी संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. काही साबण त्यातच वाया जातो आणि उरलेल्याचा फेसही हा साका मोडतो. चेहरा धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटते, तीही यामुळेच. स्टिअरिक आम्लाचा साबण साठ रुपयांचा असो वा दोन हजारांचा, कॅल्शियम दोघांना एकाच न्यायाने वागवते. लंडनच्या दुकानातील वाटी जड पाण्यापुढे हतबल ठरते ती अशी.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. दाढीला पेलाभर पाणी पुरते. तेवढे पाणी फिल्टरचे किंवा जारचे घेतले, अथवा पावसाळ्यात पागोळीचे धरून ठेवले, तरी साध्या क्रीमचा फेस लोण्यासारखा होतो. पाणी उकळून, निवळून घेतल्यासही काही क्षार तळाशी बसतात. हीटरच्या कांडीवर साचणारा पांढरा थर त्यांचाच. घटकांच्या यादीत ‘ईडीटीए’ असेल, तर ते रसायन क्षारांना बांधून ठेवते, म्हणून जड पाण्याच्या गावी अशी नळी अधिक उपयोगी. कित्येक स्वस्त क्रीममध्ये ते असतेच.

पाण्याचा विसर मोठमोठ्या कंपन्यांनाही पडतो. जिलेटने भारतीय ग्राहकांसाठी तयार केलेल्या एका रेझरची चाचणी अमेरिकेतील एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. त्यांच्याकडे नळाला वाहते पाणी होते. भारतातील असंख्य पुरुष मात्र पेलाभर पाण्यात रेझर बुडवून दाढी करतात. तेथे पात्यांत अडकलेले केस निघेनात. या अनुभवानंतर, लोकांच्या घरी जाऊन निरीक्षण केल्यावर, २०१० मध्ये ‘गार्ड’ हा सहज धुता येणारा रेझर अवघ्या १५ रुपयांना बाजारात आला.

पाण्याखालोखाल महत्त्व पात्याचे. पोलाद केसाहून सुमारे पन्नास पटींनी कठीण असूनही पाते बोथट का होते, याचा उलगडा एमआयटीच्याच संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केला. केस विशिष्ट कोनात वाकला, की धारेच्या कडेला सूक्ष्म टवके उडतात. बोथट पाते त्वचा ओढते, आणि ती जळजळ कोणताही साबण थांबवू शकत नाही. केशकर्तनालयात तर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावणे हा कावीळ-ब आणि एचआयव्हीपासून बचावाचा प्रश्न आहे. तेथे साबण कोणता, हे विचारण्याआधी पाते नवे आहे ना, हे पाहावे.

तात्पर्य, महागडा साबण म्हणजे फसवणूक नव्हे. सकाळची पाच मिनिटे सुगंधात घालवण्याचा आनंद ज्याला परवडतो, त्याने तो जरूर घ्यावा. पण गुळगुळीत दाढीसाठी तो आवश्यक आहे, ही समजूत मात्र सोडून द्यावी. ज्याला हात राखून खर्च करायचा आहे, त्याने आधी पाते वेळेवर बदलावे, मग एक चांगला ब्रश घ्यावा आणि साबणाची नळी वाण्याकडूनच आणावी. केस भिजायला दोन-तीन मिनिटे द्यावीत आणि पेल्यातले पाणी तेवढे सुफेन असू द्यावे.