प्रश्न लस द्यावी का हा नाही, केव्हा द्यावी हा आहे

लहान मुलांनाही संधिवात होतो. त्यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. अशा वेळी लस टोचून तिला आणखी कशाला डिवचायचं, ही आईवडिलांची शंका रास्त आहे. म्हणूनच ती तपासून पाहिली गेली.

नेदरलँड्समध्ये बालसंधिवाताच्या ४ ते ९ वर्षांच्या १३७ मुलांचे, कोण कुठे हे नशिबावर सोडून, दोन गट केले. एका गटाला गोवर-गालगुंड-रुबेलाचा बूस्टर डोस दिला, दुसऱ्याला दिला नाही. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात लस घेतलेल्यांचा आजार इतरांपेक्षा बळावला नाही, आणि मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं औषध घेणाऱ्यांच्या शरीरातही प्रतिपिंडं चांगली तयार झाली.

खरा धोका संसर्गाचा आहे. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिक्स ही औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, म्हणून साध्या कांजिण्याही अंगाशी येऊ शकतात.

लशींचे इथे दोन गट पडतात. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकल, हेपॅटायटिस-बी, एचपीव्ही या लशींत जिवंत जंतू नसतो. औषधं चालू असतानाही त्या देता येतात. बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशीत मात्र दुबळा केलेला जिवंत जंतू असतो. जोरदार औषधोपचार चालू असताना त्या सहसा टाळतात. दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त स्टेरॉइड दोन आठवडे घेतलं, तर ते बंद झाल्यावर जिवंत लशीसाठी महिनाभर थांबावं लागतं. मेथोट्रेक्सेटचा डोस कमी असेल, तर गोवराच्या बूस्टरचा विचार तज्ज्ञ करतात. रिटुक्सिमॅब हे औषध तर प्रतिपिंडं घडवणाऱ्या पेशींची फळीच पुसून टाकतं. त्यानंतर काही महिने कोणतीही लस फारशी लागू पडत नाही.

त्यामुळे निदान होताच, औषधं सुरू होण्याआधी, लसीकरण कार्ड डॉक्टरांपुढे ठेवावं. आपल्या सरकारी कार्यक्रमात कांजिण्यांची लस नाही, तेव्हा तिच्याबद्दल आपणच विचारायला हवं. जिवंत लस औषधांच्या चार आठवडे आधी मिळाली तर उत्तम. पण आजार तीव्र असेल तर लशीसाठी उपचार लांबवू नयेत. मुलाला लस मिळेपर्यंत घरातल्या इतरांनी आपल्या लशी पूर्ण कराव्यात. त्या मुलापर्यंत जंतू पोहोचण्याची एक वाट तरी बंद होते.