कुऱ्हाड होता होता

‘मॉन्स्टर हंटर’ या जपानी खेळात हत्यारं चौदा आहेत. त्यातली बहुतेक पहिल्याच शिकारीत बऱ्यापैकी चालवता येतात. हातोडा असेल तर डोक्यात घालायचा, धनुष्य असेल तर लांब राहायचं, मोठी तलवार असेल तर दोन्ही हातांनी उचलून आपटायची. चार्ज ब्लेडचं तसं नाही. ते नव्यानं घेतलेला खेळाडू निम्मा वेळ मॉन्स्टरसमोर उभा राहून हत्याराशीच झटापट करत असतो आणि उरलेला निम्मा वेळ आडवा पडलेला असतो.

पण एकदा ज्याला ते लागलं, तो दुसऱ्या हत्याराकडे बघत नाही. माझा भाचा त्यातलाच. तो राहतो भांडगावात, दौंड तालुक्यात. पुणे-सोलापूर रस्त्यानं यवत सोडलं की वरवंडच्या अलीकडे हे गाव लागतं. तुकोबांची पालखी याच वाटेनं पुढे सरकते. रस्त्याच्या कडेला कारखाने आणि मागे ऊस, त्यामुळे घरटी एक जण शिफ्टला आणि एक जण शेतात, असा संसार. भाचा दोन्हीकडे असतो. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की जागरण ठरलेलंच. मग दारं धरायला जायच्या आधी एखादी शिकार उरकून घेतो. दाराशी बॅटरी आणि काठी ठेवलेली असते, कारण या पट्ट्यात उसात बिबट्या असणं ही काही बातमी राहिलेली नाही. बाहेरच्या त्या एका जनावराला वळसा घालून जायचं आणि आत पडद्यावर त्याच्या वीसपट मोठ्याच्या अंगावर धावून जायचं, यातली गंमत त्याच्या आईला अजून कळलेली नाही. खरं सांगायचं तर मलाही फारशी नाही. मला कुतूहल आहे ते त्या हत्याराचं.

कॅपकॉम कंपनीनं ‘मॉन्स्टर हंटर’ 2004 साली आणला. जपानात तो घरोघरी पोचला, बाहेर मात्र खऱ्या अर्थानं गाजला तो 2018च्या ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’मुळे. इतर बऱ्याच खेळांत आपलं पात्र लढाया मारत मारत बळकट होत जातं. इथं ते होत नाही. मारलेल्या मॉन्स्टरची शिंगं, खवले, कातडं आणून लोहाराकडून हत्यार आणि चिलखत घडवून घ्यायचं, एवढीच वाढ. बाकी सुधारायचं ते खेळणाऱ्यानं. दुसरी गोष्ट, इथं वार सुरू केला की तो बहुतेक वेळा पुरा होईपर्यंत मागे घेता येत नाही. चुकीच्या वेळी कुऱ्हाड उचलली तर ती खाली येईपर्यंत शेपटीचा फटका खायचा. या दोन नियमांमुळेच रूप बदलणारं हत्यार इथं नुसती शोभेची कल्पना राहत नाही.

असं पहिलं हत्यार 2009च्या ‘ट्राय’मध्ये आलं. त्याचं नाव स्विच ॲक्स: लांब कुऱ्हाड, खटका दाबला की तलवार. ते धसमुसळं आहे. ढालबिल काही नाही, घुसायचं आणि मारायचं. त्यानंतर 2013मध्ये निन्टेन्डोच्या थ्रीडीएसवर ‘मॉन्स्टर हंटर 4’ आला आणि त्यात चार्ज ब्लेड. याची एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल. तलवार ढालीच्या मधोमध खुपसली की ढाल उघडते, तिची दोन पाती होतात आणि हातात दुधारी कुऱ्हाड येते. दिसायला झकासच. पण कटकट वेगळीच आहे: या कुऱ्हाडीचा खरा दारूगोळा तलवारीनं कमवावा लागतो.

तो असा. तलवारीनं मारत राहिलं की हत्यारात ऊर्जा साठते. पडद्याच्या कोपऱ्यातली खूण आधी पिवळी होते, मग लाल. पिवळी असताना ऊर्जा भरून घेतली तर तीन कुप्या मिळतात, लाल असताना पाच. खेळणारे यांना फायल म्हणतात. लाल झाल्यावरही हावरटासारखं मारत राहिलं तर पातं तापतं आणि प्रत्येक वार मॉन्स्टरच्या अंगावरून उसळून मागे येतो. केडगाव-पारगावकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीजवळ उभा असतो, त्याच्यासारखंच हे: थोडं आधी उतरवलं तर पदरात कमी पडतं आणि थोडं उशिरा उतरवलं तर सगळंच वाया. नवशिके बहुधा उशीर करतात, कारण समोरचा प्राणी मार खात असतो आणि मार देणं थांबवायला मन होत नाही.

कुप्या भरल्या की त्या लगेच उडवायच्या नाहीत, ही दुसरी पायरी. आधी त्या ढालीत घालायच्या. त्यासाठी कुऱ्हाडीच्या मोठ्या वाराची सुरुवात करायची आणि तो वार मध्येच ढालीच्या बटणानं मोडायचा. मग ती ऊर्जा कुऱ्हाडीतून न सुटता ढालीत जाते आणि ढाल लाल होते. म्हणजे शिकायचं काय, तर वार न करणं. पहिल्यांदा हे मला समजावताना भाच्यानं कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि मी नेमका तो वार पुरा केला, कुप्या हवेत उडवल्या. “मामा, घाई करू नका ओ. अजून ढाल कोरी आहे,” तो म्हणाला. ढाल लाल असली की ती जास्त दणके सोसते, कुऱ्हाडीचे स्फोट वाढतात, आणि शेवटचा महावार उघडतो. त्या वाराचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे ‘एसएईडी’ म्हणतात. कुऱ्हाड डोक्यावरून पूर्ण फिरून खाली येते, पुन्हा भरून घेतलेल्या सगळ्या कुप्या एकदम फुटतात आणि स्फोटांची रांग पुढे सरकत जाते. तेवढा वेळ शिकारी एका जागी खिळलेला असतो. मॉन्स्टर बाजूला सरकला तर सगळी कमाई मातीत.

मग हा वार घालायचा कधी? चार्ज ब्लेडचं मर्म इथं आहे. तलवारीची कुऱ्हाड होताना सुरुवातीला क्षणभर ढाल अंगासमोरून फिरते. कुऱ्हाडीची परत तलवार होताना शेवटी क्षणभर ढाल समोर येते. तेवढ्या क्षणात आलेला तडाखा आपोआप अडतो. याला गार्ड पॉइंट म्हणतात. ढाल लाल असेल तर अडवलेल्या तडाख्याबरोबर समोरच्याला उलट स्फोटही बसतो, आणि तिथूनच, पावलं न उचलता, त्रिकोण आणि गोल ही दोन बटणं एकत्र दाबून थेट महावारात जाता येतं.

भाच्याचा आवडता मॉन्स्टर डियाब्लोस. वाळवंटात राहतो, डोक्यावर दोन शिंगं, वाळूत बुडी मारून खालून वर येतो. तो डरकाळी फोडतो तेव्हा साधा शिकारी कान झाकून जागीच थिजतो. भाचा त्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहतो, पाचही कुप्या भरलेल्या, ढाल लाल. डियाब्लोस थबकतो. बघणाऱ्याला वाटतं आता पळायला हवं, आणि हा तेव्हाच कुऱ्हाड करायला घेतो. ढाल समोरून फिरत असताना डरकाळी तिच्यावर आदळते, शिकारी बोटभर मागे सरकतो आणि कुऱ्हाड वर जाते. स्फोट थेट डोक्यावर. कुप्या ‘इम्पॅक्ट’ जातीच्या असतील तर डोक्यावर बसलेल्या स्फोटांनी मॉन्स्टरला चक्कर येते. असं पुन्हा पुन्हा बसलं की तो डोंगराएवढा जीव कुशीवर पडून पाय झाडतो. मग मात्र तलवार काढून पुन्हा कमाईला लागायचं. कारण कुप्या रिकाम्या झालेल्या असतात.

प्रत्येक तडाख्याला हे चालत नाही. धक्का फार मोठा बसला तर शिकारी इतका मागे फेकला जातो की पुढची चाल साधतच नाही. म्हणून कोणत्या मॉन्स्टरचा कोणता मार अडवायचा आणि कोणता लोळण घेऊन चुकवायचा, हे पाठ करावं लागतं. माझ्या मते चार्ज ब्लेड अवघड म्हणतात ते बटणांमुळे नव्हे. बटणं आठवड्या-दोन आठवड्यांत बसतात. दुसऱ्याचं अंग वाचायला वेळ लागतो.

आपल्याकडच्या हत्यारांत खटक्यानं रूप पालटणारं असं मला आठवत नाही. काठीतून निघणारी गुप्ती ही जवळची. पण ढालीनंच मारायचं, ही कल्पना मर्दानी खेळ पाहिलेल्याला नवी नाही. माडू बघा: काळविटाची दोन शिंगं विरुद्ध दिशांना जोडलेली आणि मधे मुठीवर लहान ढाल. अडवणं आणि भोसकणं एकाच हालचालीत. आणि दांडपट्टा, ज्याला 2024मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. त्याची मूठ कोपरापर्यंत जाणाऱ्या लोखंडी खोबणीत असते, त्यामुळे मनगट वळतच नाही. सगळा फिरवा खांद्यातून आणि कमरेतून घ्यावा लागतो. तलवार शिकलेला माणूस पट्टा हातात घेऊन आधी स्वतःलाच जपतो. चांगला पट्टेकरी मात्र वार आणि बचाव वेगळे ठेवत नाही. पातं सतत फिरतं ठेवतो आणि दुसऱ्याला आत शिरायला जागाच देत नाही. जपानी खेळ बनवणाऱ्यांनी पट्टा पाहिला होता असं मला म्हणायचं नाही. पण दोन हालचालींच्या मधली फट बंद करायची, ही गरज दोन्हीकडे तीच आहे.

शिकायचंच असेल तर ‘वर्ल्ड’मध्ये तळावर सरावाची जागा आहे, तिथं ढाल लाल करायचा क्रम बोटांत बसवावा. गार्ड पॉइंट मात्र तिथं शिकता येत नाही, कारण समोर मारणारं कुणी नसतं. त्यासाठी एकच मॉन्स्टर निवडायचा आणि त्याची एकच चाल, शक्यतो डरकाळी, अडवायच्या मागे लागायचं. बाकी शिकार हरली तरी चालेल. भाच्यानं हेच केलं आणि त्या दिवसांत घरात भांडी आपटल्याचे आवाज बरेच यायचे, असं बहीण सांगते.

2019च्या ‘आइसबोर्न’ या विस्तारात या कुऱ्हाडीला करवतीसारखं गरगरणारं पातं मिळालं. एकदम सगळ्या कुप्या फोडण्याऐवजी ती चिकटून कापत राहते आणि कुप्या हळूहळू संपवते. तेव्हापासून चार्ज ब्लेडवाल्यांत महावार मोठा की करवत मोठी, हे भांडण सुरू आहे. फेब्रुवारी 2025मध्ये आलेल्या ‘वाइल्ड्स’नं करवतीचं पारडं जड केलं, तिथं मॉन्स्टरच्या उघड्या जखमेवर नेम धरून वार बसला की करवत सुरू होते. भाच्याच्या मित्रांपैकी दोघांनी थेट तिथूनच सुरुवात केली. त्यांची करवत झकास चालते, डरकाळी मात्र अजून कान झाकूनच ऐकतात.